वाटी सुलट का फिरते

टॉर्कविलची वाटी विहिरीत उलटी फिरली, ही बातमी मला रविवारी चर्चच्या दारात कळली, आणि तीही पाद्रीबुवांची पाठ वळल्यावर, कुजबुजत. बेटावरच्या आमच्या शोलास्टर गावात विहिरीला कुणी मानत नाही. म्हणजे रविवारी मानत नाही. सोमवार ते शनिवार ज्याचं त्याने बघावं.

बातमी सांगितली एफीने, टॉर्कविलच्या धाकट्या बहिणीने. ही दोघं माझी मावसभावंडं. दोघांनी लग्नं केली नाहीत, आईबापांच्या घरातच म्हातारी झाली. टॉर्कविलच्या हृदयाची एक झडप कामातून गेली होती. आत्ता ऑपरेशन केलं तर माणूस पुढची पुष्कळ वर्षं मेंढ्यांमागे हिंडेल, नाही केलं तर येता हिवाळा कठीण, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. गुरुवारी इन्व्हर्नेसच्या मोठ्या इस्पितळात विमानाने जायचं ठरलं होतं. बॅग भरून दाराशी ठेवली होती. आणि शनिवारी एफीने, कुणी सांगितलेलं नसताना, विहिरीवर जाऊन हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

विहीर म्हणायची आपली सवय. खरं तर ते गुडघाभर खोलीचं एक गोल दगडी कुंड आहे. एका बाजूने झरा आत येतो, समोरच्या खाचेतून पाणी बाहेर पडून समुद्राकडे जातं. संत कोवन नावाच्या कुणा साधूने काठी आपटली आणि पाणी निघालं, असं म्हणतात. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की घरातल्याच एकाने घरची लाकडी वाटी घेऊन तिथे जायचं, वाटी पाण्यावर ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. सूर्य जातो त्या अंगाने वाटी फिरली, म्हणजे सुलट फिरली, तर माणूस उठणार. उलट फिरली तर शवपेटीसाठी सुताराला निरोप धाडायचा. मग त्याच वाटीतून पाणी घरी आणून आजाऱ्याला पाजायचं. जाताना आणि येताना तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणी हाक मारली तरी नाही, पाय मुरगळला तरी नाही. आणि एका आजाराला एकदाच विचारायचं.

हा न बोलण्याचा नियम आमच्या इतका अंगात भिनलाय, की गाडीत बसून विहिरीच्या वळणावरून जातानासुद्धा माणसं बोलता बोलता थांबतात आणि पुढचा पूल आला की वाक्य पुरं करतात. परगावच्या लोकांना वाटतं, आमची भांडणं झालीत.

वाटी उलटी फिरली म्हटल्यावर एफीला पाणी भरायचं सुचलंच नाही. ती तशीच घरी आली. टॉर्कविलने तिच्या हातातली कोरडी वाटी बघितली, उठला, दाराशी ठेवलेली बॅग उघडली आणि आतले कपडे एक एक करून कपाटात लावून ठेवले.

“काय म्हणाला?” मी एफीला विचारलं.

“तो कशाला काय म्हणतोय,” एफी म्हणाली. “‘जाणार नाही’ एवढंच. मग चहा मागितला.”

टॉर्कविलला गाव गप्प्या म्हणतं. आमच्याकडे प्रत्येकाला एक टोपणनाव असतं आणि ते सहसा उलट अर्थाचं असतं, पण हे सरळ होतं. सगळा जन्म त्याने मागावर लोकरी कापड विणण्यात घालवला. त्याच्या शेडमधला खडखडाट हेच त्याचं बोलणं. आता दोन महिने माग बंद होता आणि त्या घराजवळून जाताना चुकल्यासारखं वाटायचं.

रविवारी संध्याकाळीच मी जाऊन त्याच्याशी भांडले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, असं मी म्हटलं. डॉक्टर शिकलेत का वाटी शिकली आहे, असंही म्हटलं. तो शेकोटीत पीटचे, म्हणजे जळणासाठी वाळवलेल्या दलदलीच्या मातीचे, तुकडे नीट रचत बसला. माझं सगळं ऐकून झाल्यावर त्याने फक्त दोन वाक्यं उच्चारली.

“तिच्याशी खेळ करायचा नसतो, डोलिना. मी हे एकदा बघितलंय.”

काय बघितलंय, ते विचारलं तर त्याने आणखी एक तुकडा रचला.

मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. आम्ही दोघं एकाच वर्षी शाळेत गेलो. त्याला असा खुर्चीत बसून मरताना बघायची माझी तयारी नव्हती. पण माझा स्वभाव असा, की भिंतीवर डोकं आपटून उपयोग नाही असं दिसलं की भिंत बांधली कुणी, ते मी विचारत सुटते. गावच्या इतिहास मंडळाची मी चिटणीस आहे. तीस-एक वर्षं म्हाताऱ्यांकडून विहिरीच्या गोष्टी ऐकत आले आहे. संताने साप कसे पळवले, एका जमीनदाराने कुत्र्याला ते पाणी पाजलं तर तो स्वतःच कसा भुंकायला लागला, सगळं मला पाठ. पण घरी येताना लक्षात आलं, की एक साधा प्रश्न मी कधीच कुणाला विचारला नव्हता. वाटी उलटी फिरताना तुम्ही कधी पाहिली आहे का?

सोमवारी सकाळी डब्यात स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे गोड पाव, भरले आणि निघाले.

पहिली गाठली केटी-ॲन. नव्वदी ओलांडलेली, ऐकू कमी, जीभ शाबूत. तिच्या नवऱ्याच्या वेळी ती स्वतः गेली होती. वाटी कशी फिरली होती, तर सुलट, अगदी झोकात. मग तो महिनाभरात गेला कसा, असं मी विचारलं. तर म्हणे, परत येताना फाटकात कोंबड्या आडव्या आल्या आणि ती ‘शू’ म्हणाली. ‘शू’ म्हणजे शब्द धरायचा का, यावर त्या काळी घरात बराच वाद झाला होता. सासूच्या मते धरायचा.

पोस्टातला नॉर्मन म्हणाला, त्याच्या बापासाठी थोरला भाऊ गेला होता. वाटी सुलट. बाप गेला, कारण भावाला वाटेत शिंक आली आणि शिंकल्यावर तो ‘अरे देवा’ म्हणाला. जुन्या हेडमास्तरांची बायको वाचली होती, त्यामुळे तिथे कुणीही शिंकलेलं नव्हतं. त्यांच्या शेजारणीचं मूल गेलं, ते वाटीत पाणी कमी भरलं म्हणून. एकाने पाणी नीट आणलं, पण डाव्या हाताने दिलं. एकीला आपली काय चूक झाली ते अजून सापडलेलं नव्हतं, आणि माझ्यासमोर ती पुन्हा शोधायला लागली. तिथे मात्र मला हसू आलं नाही.

मंगळवारी दुपारपर्यंत मी गावातली सगळी म्हातारी घरं पालथी घातली. चहा इतका झाला होता की पोटात डुचमळत होतं. आणि एकूण एक वाटी सुलट. वाचलेल्यांची सुलट, मेलेल्यांचीही सुलट. उलट फिरणारी वाटी या गावात एफीच्या आधी कुणीही, कधीही पाहिलेली नव्हती.

मग आत्ताच काय बिनसलं? विहिरीत नवीन काय झालं होतं? झालं होतं की, आणि ते आम्हीच केलं होतं. मे महिन्यात इतिहास मंडळाने विहीर साफ केली.

कल्पना हिलरीची. हिलरी इंग्लंडहून इथे येऊन राहिली, मातीची भांडी करते. तिला येऊन इतकी वर्षं झाली की तिची मांजरंसुद्धा इथेच म्हातारी होऊन मेली, तरी गावाच्या लेखी ती नवीनच. विहिरीत गाळ साठलाय, शेवाळ माजलंय, हा आपला वारसा आहे, असं तिचं म्हणणं. ‘आपला’ या शब्दावर बैठकीत थोडी खाकराखाकरी झाली, पण म्हणणं बरोबर होतं. आम्ही गाळ काढला, कडेचे दगड घासले, माहितीचा एक फलक लावला. फोटो काढले. गाळात गंजलेल्या टाचण्या निघाल्या, नाणी निघाली, किटलीचं झाकण निघालं, आणि जात्याचा एक अर्धा दगड निघाला.

तो दगड मीच धुतला होता. मंडळाच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवला होता आणि त्याखाली माझ्या हाताने चिठ्ठी लावली होती: ‘जात्याचा अर्धा दगड. विहिरीत पडलेला सापडला.’

मंगळवारी दुपारी मी कपाट उघडून तो दगड पुन्हा बघितला. अर्धगोल, हातभर लांबीचा. मोडलेली कड ओबडधोबड होती, पण खालच्या टोकाला कुणीतरी छिन्नीने एक खाच पाडली होती. दळणाशी त्या खाचेचा काही संबंध नव्हता. मी हिलरीला फोन लावला आणि विचारलं, हा दगड काढला तेव्हा आडवा होता का उभा? उभा, ती म्हणाली. झऱ्याच्या तोंडाशी, तिरका, दोन्ही बाजूंनी बारके दगड ठोकलेले. पहार लागली होती, आठवत नाही का, नॉर्मनची कंबर धरली होती.

पडलेला दगड स्वतःला पाचर ठोकून घेतो होय! तीस वर्षं इतिहासात घालवलेल्या बाईने अशी चिठ्ठी लिहावी, याची मला मनापासून लाज वाटली. पण लाजेपेक्षा आता कुतूहल जोरात होतं.

बुधवारी सकाळी आम्ही दोघींनी तो दगड हातगाडीवर घातला आणि विहिरीवर नेला. हिलरी वाटेत एक अक्षर बोलली नाही. मी बोलले, कारण आम्ही आजाऱ्यासाठी जात नव्हतो, पण जरा दबूनच बोलले. वाटी नेली नव्हती, ते बरं दिसलं नसतं. मार्गारिनचा रिकामा डबा नेला होता.

आधी दगडाशिवाय. डबा पाण्यावर ठेवला, हात काढला. डबा क्षणभर विचारात पडला आणि हळूहळू उलटा फिरायला लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा उलटा. हिलरीने ठेवून बघितला, तिचाही उलटा. मग मी गमबूट घालून कुंडात उतरले, दगड झऱ्याच्या तोंडाशी जुना ठसा होता तिथे उभा केला. ती खाच तळातल्या एका धोंड्यावर चपखल बसली. आत येणारं पाणी दगडावर आपटून दुसऱ्या अंगाला वळलं. डबा सोडला. सुलट. दहादा सोडला असता तरी सुलटच फिरला असता.

“म्हणजे कुणीतरी फसवत होतं,” हिलरी म्हणाली.

मी पाण्यातच उभी होते. पायांना गारठा चढत होता आणि मला त्या कुणीतरीचं फार कौतुक वाटत होतं. घरोघरची दळायची जाती कधी फुटली ते आमच्या बेटावर सगळ्यांना माहीत आहे. जमीनदाराला सगळं दळण आपल्या गिरणीत यायला हवं होतं, म्हणून त्याच्या माणसांनी घरोघर शिरून बायकांची जाती फोडली. माझ्या आजीच्या आजीचं फोडलं. त्याच दशकात तापाची साथ आली होती आणि गावातली निम्मी पोरं गेली होती. झरा पहिल्यापासून असाच आत येत असणार. म्हणजे त्या साथीत दारोदारच्या वाट्या विहिरीवर गेल्या असणार आणि एकूण एक उलट फिरली असणार. तशी विहीर खोटं बोलत नव्हती, एकूण एक माणूस मरतोच. पण पाणी घेऊन घरी जाणाऱ्या आईला ते ऐकून काय करायचं होतं? कुणाला तरी ते असह्य झालं, आणि फुटक्या जात्याचा दगड हाताशी होता. काम एकटीचं नव्हे. निदान दोघी असणार, आणि दोघींनीही मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. शोलास्टरमध्ये संताच्या काठीपेक्षा मोठा चमत्कार हाच म्हणायचा.

आम्ही दगड पक्का बसवला. बारके दगड ठोकले. हिलरीचं म्हणणं पडलं, की आता गप्प बसावं आणि एफीला पुन्हा वाटी घेऊन पाठवावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मलाही ते पटलं. घरी जाऊन ओले मोजे बदलले आणि टॉर्कविलकडे गेले. म्हटलं, विहीर साफ केल्यापासून पाणी जरा अस्थिर आहे, शनिवारचं काही धरू नकोस, एफी पुन्हा जाऊन येईल.

तो म्हणाला, “एकदाच विचारायचं असतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी विमान होतं. कपडे कपाटात होते. एफी दाराशी पीठ लागलेले हात तसेच धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मूठ झाकून ठेवावी तर हा माणूस जाणार, उघडावी तर विहीर जाणार. शेवटी विहिरीपेक्षा मला टॉर्कविल हवा होता. मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. जातं, खाच, पाचर, मार्गारिनचा डबा. केटी-ॲनच्या कोंबड्याही सांगितल्या.

तो ऐकत होता. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण पीटचा एक तुकडा त्याने उचलला तो हातातच राहिला.

“किती वर्षं होता तो दगड तिथं?” त्याने विचारलं.

“जाती फुटली तेव्हापासून. माझ्या आजीची आजी...”

“म्हणजे आई आजारी होती तेव्हा होता.”

“होता की.”

“नक्की?”

“आम्ही मे महिन्यात काढला, टॉर्कविल. त्याआधी कुणी हात लावला नव्हता. पहार लागली.”

त्याने तुकडा टोपलीत परत ठेवला. मग बोलायला लागला, आणि इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

“मी गेलो होतो वाटी घेऊन. बाबा किनाऱ्यावर होता, एफी लहान होती, दुसरं कोण जाणार? वाटी सुलट फिरली. लगेच फिरली. मी पाणी घेऊन पळत निघालो, एक थेंब सांडला नाही. पुलावर बाबा भेटला. त्याने काही विचारलं नाही, नियम त्याला माहीत होता. पण त्याचं तोंड असं झालं होतं ना, डोलिना... मला राहवलं नाही. मी म्हटलं, आई बरी होणार, बाबा, वाटी सुलट फिरली. त्याने माझ्या तोंडावर हात दाबला. पण बोलून झालं होतं.”

ही माझी मावशी त्याच आठवड्यात गेली, एवढं मला माहीत होतं. आम्ही दोघं तेव्हा शाळेत एका बाकावर बसायचो. तो शाळेत परत आला तो गप्प आला. आई गेल्यावर पोरं गप्प होतातच, असं सगळे म्हणाले.

“बाबा तुला रागावला?” मी विचारलं.

“बाबा त्यावर कधीच काही बोलला नाही. मरेपर्यंत नाही. मी पण नाही.”

एफी अजून दाराशीच होती. तिने हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले.

“मला तरी सांगायचंस,” ती म्हणाली. “एका घरात राहतो आपण. सगळा जन्म झाला.”

“बोलायचं नव्हतं ना,” टॉर्कविल म्हणाला.

एफी स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिच्या रडण्याचा आवाज यायला लागला. मला काय करावं कळेना. इतिहासातलं मला पुष्कळ कळतं, अशा वेळचं काही कळत नाही. मी त्याचा हात धरला.

“म्हणजे ती सुलटच फिरणार होती,” तो म्हणाला. “मी बोललो असतो काय आणि नसतो बोललो काय.”

“हो.”

“आई जाणारच होती.”

“हो रे. तिला न्युमोनिया झाला होता. तू नऊ वर्षांचा होतास.”

मग त्याने विचारलं, दगड परत बसवला का. बसवला म्हटल्यावर मान हलवली. “राहू दे तिथंच. आणि त्या फलकावर काही लिहू नकोस.” मग उठून कपाटाशी गेला आणि कपडे बाहेर काढायला लागला. एफीने भरलेले होते त्यापेक्षा वाईट घड्या घातल्या, पण भरले.

गुरुवारी मीच दोघांना विमानतळावर सोडायला निघाले. टॉर्कविल पुढे बसला, एफी मागे, मांडीवर सँडविचचा डबा घेऊन. फाटकातून गाडी बाहेर पडली तोच त्याने सुरुवात केली. माग कुणाला तरी चालवायला द्यावा, नाहीतर गंजेल. काळ्या तोंडाची मेंढी लंगडते आहे, नॉर्मनला सांगून ठेव. विमानात चहा देतात का? आई गाणं म्हणताना दुसरं कडवं नेहमी विसरायची, एफी, तुला आठवतं का? एफी म्हणाली, मला तिचा आवाजच आठवत नाही. तर हा तिला सांगायला लागला, आवाज कसा होता ते.

विहिरीचं वळण आलं. एफी गप्प झाली, मी तर तोंड मिटूनच घेतलं. आमची सवय. टॉर्कविलने खिडकीतून एकदा त्या कुंडाकडे बघितलं आणि आई विसरायची ते दुसरं कडवं म्हणायला लागला. पुलापर्यंत म्हणत होता.